वाघीची तीन खाती: एका निवृत्त शर्यती ग्रेहाउंडचं प्रकरण

उजव्या कानात ६३सी, डाव्या कानात पाच आकडे. अमेरिकेत शर्यतीसाठी नोंदवलेल्या ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांत पिल्लू असतानाच गोंदण होतं आणि ते जन्मभर राहतं. उजवा कान वाचायला सोपा असतो. सहावा महिना, वर्षाचा शेवटचा आकडा तीन, वेतातलं तिसरं पिल्लू, म्हणजे जन्म जून २०१३ चा. डाव्या कानातला आकडा वेताच्या नोंदणीचा असतो, सगळ्या भावंडांचा एकच. ही नोंद ठेवते नॅशनल ग्रेहाउंड असोसिएशन, कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावी. शर्यतीत हिचं नाव वेगळं होतं, केनेलमध्ये हाक मारायचं नाव आणखी वेगळं. आमच्याकडे ती वाघी झाली. अंगावर गडद पट्टे होते, आणि नाव सासूबाईंनी ठेवलं.

वाघी २०१७ च्या शरदात मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या घरी आली आणि २०२३ च्या उन्हाळ्यात गेली. ज्या संस्थेतून तिला दत्तक घेतलं त्याच संस्थेसाठी मी आता घरभेटी करते, नवीन कुटुंबांचे फोन घेते. गेलेल्या ग्रेहाउंडबद्दल लोक बोलतात तेव्हा गोष्ट बहुतेक दोनच तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत कुत्रं छळातून सुटलेलं बिचारं असतं आणि त्याची प्रत्येक खोड हा ट्रॅकचा घाव असतो. दुसरीत ते संत असतं, सोफ्यावर जन्मलेलं, जणू आधी काही घडलंच नाही. दोन्ही ऐकून मला खरं कुत्रं दिसत नाही. म्हणून वाघीचं प्रकरण मी तीन खात्यांत मांडते: जातीचं, धंद्याचं आणि तिचं स्वतःचं. कुठली गोष्ट कुठल्या खात्यात जाते यावर पुढे औषध ठरतं, शिकवण ठरते, आणि कुत्रं गेल्यावर आपण नेमकं कोणाला आठवतोय हेही ठरतं.

फ्लोरिडातली चार वर्षं

शर्यतीच्या कुत्र्याचं बालपण घरगुती कुत्र्यापेक्षा एका बाबतीत बरं असतं. आठव्या आठवड्याला आईपासून तोडून कोणाच्या मांडीवर नेऊन ठेवत नाहीत. पिल्लं फार्मवर भावंडांबरोबर वर्षभर तरी राहतात, लांबच्या लांब कुंपणात हुंदडतात. मग शिकवणी होते, आणि साधारण दीड वर्षाच्या वयात पहिली शर्यत. तिथून पुढे केनेल. एका केनेलमध्ये पन्नास-साठ कुत्री, जाळीच्या पिंजऱ्यांच्या दोन ओळी, वरच्या ओळीत बहुधा माद्या, खाली नर. दिवसातून चार-पाच वेळा सगळ्यांना मुसकी घालून अंगणात सोडायचं, परत आत घ्यायचं. उरलेला वेळ पडून राहायचं.

शर्यतीत आठ कुत्री. एक नंबरला लाल झूल, दोनला निळी, तीनला पांढरी. आतल्या कठड्यावरून यांत्रिक ससा पळतो आणि कुत्री त्याच्यामागे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात. नेहमीचं अंतर ५५० यार्ड, म्हणजे ५०० मीटरच्या किंचित वर, आणि वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्याआधी वजन. ठरलेल्या वजनात दीड पौंडापेक्षा जास्त फरक पडला तर त्या दिवशी कुत्रं धावत नाही. घरी आल्यावरही वाघी वजनकाट्यावर आपण होऊन चढायची आणि पुतळ्यासारखी उभी राहायची. डॉक्टरांच्या मदतनीस मुली त्यावर फार खूश असत.

या धंद्याने एक गोष्ट मात्र नेमाने केली: लिहून ठेवलं. प्रत्येक शर्यतीचा तक्ता असतो. कुठल्या पेटीतून सुटली, पहिल्या वळणाला कितवी, शेवटी कितवी, किती फरकाने, आणि शेवटी तीन-चार शब्दांचा शेरा. वाघीचे तक्ते मी सगळे वाचले. शंभराच्या वर शर्यती. सुरुवात मंद, शेवट जोरदार, आणि शेऱ्यांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट: बाहेरून धावली. वळणावर आतल्या कठड्याला चिकटून धावणारं कुत्रं कमी अंतर कापतं. ही मात्र गर्दी टाळून बाहेरचा लांबचा रस्ता घ्यायची, आणि त्यामुळे हरायची. कधी कधी त्यामुळेच वाचायचीही, कारण पहिल्या वळणावर आतल्या बाजूला धडका होतात.

तिच्या शेवटच्या वर्षातला एक तक्ता महत्त्वाचा आहे. मागचा उजवा पाय दुखावला, मग काही महिने नोंदच नाही. उजव्या मागच्या पायाच्या घोट्याचं हाड मोडणं ही ग्रेहाउंडच्या शर्यतीतली ओळखीची दुखापत आहे. सतत डावीकडे वळताना त्या घोट्यावर विलक्षण ताण येतो, म्हणून ती इतर पायांपेक्षा तिथेच जास्त दिसते. हे निर्विवाद धंद्याचं खातं. साध्या चालीने फिरायला जाणाऱ्या कुत्र्याला असं होत नाही. बरी होऊन ती पुन्हा धावली, पण श्रेणी उतरत गेली. सगळ्यात खालच्या श्रेणीतही पहिल्या काहींत येणं थांबलं की कुत्र्याचा हिशोब संपतो. २०१७ मध्ये, चार वर्षांची असताना, तो संपला.

आमच्या राज्यात तोवर शर्यती उरल्या नव्हत्या. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २००८ च्या नोव्हेंबरमध्ये त्या बंद करायचा कौल दिला आणि २०१० पासून रिव्हिअरच्या वंडरलँडसारखे जुने ट्रॅक थांबले. दत्तक संस्था मात्र सुरूच राहिल्या. निवृत्त कुत्री फ्लोरिडातून ट्रकने वर यायची. वाघी अशाच एका ट्रकमधून, एका पहाटे, संस्थेच्या पार्किंगमध्ये उतरली. तिच्या गळपट्ट्याला ट्रेनरने एक चिठ्ठी लावली होती: गर्दी आवडत नाही, पीनट बटर आवडतं, सकाळी सगळ्यांत आधी बाहेर सोडा. शर्यतींच्या विरोधात मी आहे आणि राहीन. पण ती चिठ्ठी मी सांभाळून ठेवली आहे, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य खरं निघालं.

घर नावाची नवी जागा

पहिल्या महिन्यातल्या गोष्टी आता नवीन कुटुंबांना सांगताना मला पाठ झाल्या आहेत. जिना म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. काचेचं दार माहीत नव्हतं, म्हणून आम्ही काचेवर नाकाच्या उंचीला रंगीत टेप लावली. गुळगुळीत लाकडी जमिनीवर चारही पाय चार दिशांना जायचे. जिना तिला पायरीपायरीने शिकवावा लागला. एकाने पुढून पट्टा धरायचा, दुसऱ्याने मागून एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवायचा. वर जाणं एका संध्याकाळी जमलं, खाली येणं बऱ्याच दिवसांनी.

भेटायला येणारे बघून म्हणायचे, "किती घाबरवलं असेल हिला!" मला हे मान्य नाही. जिन्याची भीती हा छळाचा पुरावा नाही. जिना कधी पाहिलाच नव्हता, एवढंच. धंद्याच्या खात्यात हे जातं, पण 'मारलं' या सदराखाली नाही, 'दाखवलं नाही' या सदराखाली. दोन्हींचे उपाय वेगळे असतात. मारलेल्या कुत्र्याला आधी माणसावर विश्वास बसवावा लागतो. हिचा माणसावर विश्वास होताच. रोज पाच वेळा कोणीतरी हाताळलेलं, तपासलेलं, तेल चोळलेलं कुत्रं होतं ते. डॉक्टरकडे ती ज्या शांतपणे उभी राहायची ते धंद्याच्या जमेच्या बाजूला लिहावं लागतं. लिहिताना मला आनंद होत नाही, पण लिहिते.

झोपेत दचकणं ही गोष्ट मात्र गंभीर होती. ग्रेहाउंड कित्येकदा डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतो. जागा आहे समजून कोणी हात लावला तर गुरगुरतो, क्वचित दातही लागतो. पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्र्याला झोपेत कधीच कोणी स्पर्श केलेला नसतो. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची. नियम एकच केला: वाघी गादीवर असेल तर आधी नावाने हाक, ती मान वर करील, मग हात. तिची गादी वाटेत न ठेवता कोपऱ्यात ठेवली. मुलगी इतकी पक्की झाली की घरी आलेल्या मैत्रिणींना दारातच सांगायची. वर्षाभराने दचकणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

मांड्यांची मागची बाजू जवळजवळ केसविरहित होती. पुष्कळ जण याला पिंजऱ्यात घासून गेलेले केस समजतात, किंवा थायरॉइड. पिंजरा सोडून वर्षं झाली तरी वाघीच्या मांड्या तशाच राहिल्या, आणि असंच अनेक ग्रेहाउंडचं असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात केसाच्या दांड्याच्या रचनेतच दोष असल्याचं दिसलं. म्हणजे हे जातीचं खातं. तसंच खारीमागे सुटणं. ससा दिसला की धावायचं हे शतकानुशतकं निवडून घडवलेलं आहे. धंद्याने ते वापरलं, घडवलं नाही. म्हणून आमच्या करारात पहिली अट असते: कुंपण नसलेल्या जागी पट्टा कधीही सोडायचा नाही. तासाला ६० किलोमीटरच्या वर जाणारं कुत्रं हाक ऐकायच्या आत रस्ता ओलांडून गेलेलं असतं.

त्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे होत्या. आईंचं माहेर सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं. त्यांनी वाघीला पाहिलं आणि माझं ग्रेहाउंडवरचं सगळं व्याख्यान मधेच थांबवलं. "अगं, ही तर कारवानी!" त्यांच्या वडिलांकडे शेतावर दोन कारवानी कुत्री असायची. तसाच लांब तोंडाचा, आत ओढलेल्या पोटाचा, उंच पायांचा प्राणी. सीमेपलीकडे मुधोळला घोरपडे संस्थानिकांनी जोपासली म्हणून तिकडे ती मुधोळ हाउंड झाली आणि २००५ मध्ये टपाल तिकिटावरही गेली. इकडे जत, सोलापूर, लातूर भागात तिला कारवानीच म्हणतात. सशाची शिकार वन्यजीव कायद्याने बेकायदा झाली, कुत्री राखणीला राहिली.

आईंना कुठलंही पत्रक वाचावं लागलं नाही. ही बसत नाही, एकतर उभी तरी राहते नाहीतर आडवी पडते, याचं मला आश्चर्य होतं. त्या म्हणाल्या, "बसेल कशी? मांडीत एवढा गोळा आहे. आणि हिला जाड गादी कर, अंगावर चरबी नाही, हाडं टोचतात." ग्रेहाउंडच्या अंगात चरबी इतर कुत्र्यांच्या मानाने जेमतेम निम्मी असते. आईंनी जुन्या साड्या आणि माझ्या नवऱ्याचं लोकरीचं जाकीट उसवून वाघीसाठी पोटापर्यंत येणारी झूल शिवली. उणे दहा अंशांत ती झूल घालून बोस्टनच्या उपनगरात फिरणारी वाघी बघून लोक गाड्या थांबवायचे. झुलीला खणाचा काठ होता.

रक्त

दत्तक घेतल्यावर पहिली मोठी तपासणी झाली तेव्हा अहवालात चार-पाच आकडे लाल आले. थायरॉइडचं संप्रेरक खूप कमी. लाल पेशींचं प्रमाण खूप जास्त. प्लेटलेट कमी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम जोखायचा आकडा, वरच्या टोकाला. डॉक्टर नवखे नव्हते, पण त्यांच्याकडे ग्रेहाउंड क्वचितच यायचा. त्यांनी थायरॉइडच्या गोळ्या सुचवल्या आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला सांगितलं.

हे सगळे आकडे ग्रेहाउंडसाठी सामान्य होते. इतर कुत्र्यांत लाल पेशींचा वाटा रक्तात साधारण ३७ ते ५५ टक्के असतो. ग्रेहाउंडमध्ये तो ५५-६० च्या पुढेही जातो, आणि तसा नसेल तरच विचारायचं की रक्त कुठे गेलं. थायरॉइडची पातळी या जातीत इतकी खाली असू शकते की नेहमीच्या चाचणीत जवळजवळ दिसतच नाही, आणि कुत्रं ठणठणीत असतं. स्नायू जास्त म्हणून क्रिएटिनिन वर. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागाने निवृत्त ग्रेहाउंडवर वर्षानुवर्षं काम करून हे आकडे पुढे आणले. संस्थेने दिलेलं त्यांचं पत्रक मी डॉक्टरांसमोर ठेवलं. त्यांनी ते तिथेच वाचलं, एका सहकाऱ्याला फोन केला आणि गोळ्या रद्द केल्या. असं करणाऱ्या डॉक्टरला मी सोडत नाही. पुढची सहा वर्षं आम्ही त्यांच्याकडेच गेलो.

अहवालातून आणखी एक गोष्ट निघाली. फ्लोरिडातल्या कुत्र्यांत गोचिडीमुळे होणारे आजार असू शकतात, म्हणून बबेसिया आणि एर्लिकिया यांच्या चाचण्या केल्या होत्या. दोन्ही नकारार्थी. आणि तिचा रक्तगट असा होता की तिचं रक्त बहुतेक कुठल्याही कुत्र्याला चाललं असतं. ग्रेहाउंडमध्ये असे दाते बऱ्यापैकी सापडतात. मोठा आकार, पातळ त्वचेखाली ठळक शिरा, भरपूर लाल पेशी, आणि भूल न देता निवांत पडून राहण्याचा स्वभाव. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रक्तदाते म्हणून ग्रेहाउंडच आहेत. वाघी पाचेक वर्षांची असल्यापासून सातव्या वर्षापर्यंत नियमित रक्त देत होती. आडवी पडायची, मानेतून पिशवी भरेपर्यंत डोळे मिटून घ्यायची, मग पीनट बटर. तिचं रक्त कोणाकोणाला गेलं हे आम्हाला कधी सांगितलं गेलं नाही. एकदा फक्त कळलं की गाडीखाली आलेला एक लॅब्रडॉर वाचला.

डावा पुढचा पाय

२०२२ च्या वसंतात वाघी लंगडायला लागली. आधी वाटलं तळव्याला कुरूप झालं असेल. ग्रेहाउंडला तशी कुरुपं होतात, चालताना काचा रुतल्यासारखं कुत्रं पाऊल उचलतं. तळवा स्वच्छ होता. लंगडणं डाव्या पुढच्या पायाचं होतं आणि मनगटाच्या जरा वर हाताला गरम लागत होतं. नऊ वर्षांच्या आसपासच्या निवृत्त ग्रेहाउंडचं लंगडणं दोन आठवडे गोळ्या देऊन बघायची गोष्ट नाही. लगेच क्ष-किरण काढायचे. हे वाक्य मी आता प्रत्येक घरभेटीत सांगते. डॉक्टरांनी त्याच दिवशी चित्र काढलं. हाडाचं खालचं टोक वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं. ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कर्करोग.

फुप्फुसं चित्रात स्वच्छ होती, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. निदान होतं तेव्हा दहातल्या नऊ कुत्र्यांत तो सूक्ष्म रूपात आधीच पसरलेला असतो. पर्याय तीन होते. वेदनाशामकं देत राहायचं आणि हाड मोडायच्या आत निरोप द्यायचा. नुसता पाय काढायचा, म्हणजे वेदना जाते आणि सरासरी चार-पाच महिने मिळतात. किंवा पाय काढून पुढे केमो, म्हणजे सरासरी दहा ते बारा महिने. नवरा पहिल्याच्या बाजूने होता, मी तिसऱ्याच्या. आई फोनवर म्हणाल्या, "धावणाऱ्या जनावराचा पाय काढू नका गं." त्यात तथ्य होतं असं नाही, पण ते वाक्य घरात दोन दिवस फिरत राहिलं.

शेवटी निर्णय भावनेवर झाला नाही, जुन्या घोट्यावर झाला. पुढचा डावा पाय गेला तर भार उजव्या पुढच्या पायावर आणि दोन्ही मागच्या पायांवर येणार. त्यातला उजवा मागचा एकदा मोडलेला. शल्यचिकित्सकांनी तो घोटा वेगळा तपासला, त्याची चित्रं घेतली, वाघीचा डावा पुढचा पाय कापडी पट्टीने पोटाशी बांधून तिला तीन पायांवर चालवून पाहिलं. ती बिचकली, मग चालली. घोटा चांगला जुळला होता. ट्रॅकवरच्या कोण्या डॉक्टरने ते काम नीट केलं होतं. मग आम्ही हो म्हटलं.

ग्रेहाउंडच्या शस्त्रक्रियेत दोन धोके जातीचे असतात. एक भुलीचा: काही जुन्या भुलीच्या औषधांवर या जातीचं यकृत हळू काम करतं आणि कुत्रं तासन्‌तास उठत नाही. ती औषधं आता मागे पडली आहेत, तरी विचारावं. दुसरा धोका रक्तस्रावाचा, आणि तो फसवा असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी सगळं ठीक असतं, टाके कोरडे असतात, आणि दीड-दोन दिवसांनी आतून रक्त झिरपायला लागतं. ओहायो स्टेटच्या अभ्यासात वंध्यीकरणासारख्या नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतरही चारांतल्या एका ग्रेहाउंडला असा स्राव झाला होता. नेहमीच्या गोठण्याच्या चाचण्यांत हे कळत नाही, कारण रक्त गोठतं नीट, गुठळी लवकर विरघळते. त्यासाठी गुठळी टिकवणारं औषध, अमिनोकॅप्रोइक आम्ल, आधीपासूनच द्यायला सुरुवात करतात आणि पाच दिवस चालू ठेवतात. वाघीला ते दिलं. तिसऱ्या दिवशी छातीवर आणि पोटावर मोठे जांभळे डाग आले, त्यापलीकडे काही झालं नाही. रक्त चढवायची वेळ आली नाही. ज्या रक्तपेढीला तिने इतकं दिलं, तिथून तिला काही घ्यावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली, चौथ्या दिवशी घरी आली. जिना बंद, जमिनीवर सगळीकडे योगाच्या सतरंज्या, बसायची खोली हीच झोपायची खोली. केमोचे डोस तीन-तीन आठवड्यांनी, चार. एकदा पांढऱ्या पेशी फार उतरल्या म्हणून एक डोस आठवडाभर पुढे गेला, बाकी त्रास झाला नाही. ऑक्टोबरात बेसबॉलच्या कुंपण घातलेल्या मैदानावर तिला सोडलं. तीन पायांवर ती धावली. वेगात नव्हे, पण धावली. आणि मैदानाच्या वळणावर, आत कोणी नसताना, कसली गर्दी नसताना, तिने बाहेरचा लांबचा रस्ता घेतला.

हे तिचं खातं. रोजच्या फिरण्यातही कोपऱ्यावर ती बाहेरच्या बाजूने वळसा घालायची, माझ्या पायांत पट्टा अडकायचा. आधी मला वाटायचं ट्रॅकवर धडक बसली म्हणून ही सवय लागली असेल. पण तिच्या अगदी पहिल्या शर्यतीच्या शेऱ्यातही तेच आहे. ट्रेनरला मी हे कळवलं तेव्हा त्याचं उत्तर आलं की फार्मवर पिल्लू असतानाही ती असंच पळायची, भावंडं आतून आणि ही कुंपणाच्या कडेने. जातीने तिला धावायला लावलं, धंद्याने वळणं दिली, आणि वळण घ्यायचं कसं हे तिने ठरवलं.

कर्करोग कोणाच्या खात्यात?

हा प्रश्न मला लोक सर्वांत जास्त विचारतात आणि उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं: शर्यतीने झाला. निवृत्त शर्यती ग्रेहाउंडमध्ये हा कर्करोग ठळकपणे जास्त आहे हे खरं. हाडांवरचा ताण, जुन्या सूक्ष्म दुखापती हे एक स्पष्टीकरण आहे. पण उंच, लांब पायांच्या मोठ्या जातींत तो सगळीकडेच जास्त दिसतो. आयरिश वुल्फहाउंड आणि रॉटवायलर शर्यतीत धावत नाहीत, तरी त्यांना तो होतो. २०१३ मध्ये ग्रेहाउंड, रॉटवायलर आणि आयरिश वुल्फहाउंड यांच्या जनुकांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या कर्करोगाशी निगडित तेहेतीस जागा सापडल्या. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आणि वाघीच्या बाबतीत दुखापत मागच्या उजव्या पायाला होती, गाठ पुढच्या डाव्या पायाला. ज्याला सोपी गोष्ट हवी आहे त्याने या दोन पायांमधलं अंतर मोजावं.

भावंडांची खबर काढली. सहा पिल्लांपैकी चौघांचा पत्ता लागला, दत्तक घेणारी माणसं एकमेकांना शोधत असतातच. ओहायोतला भाऊ आठव्या वर्षी याच रोगाने गेला. एक बहीण मूत्रपिंडाच्या आजाराने. तिसरी, जी सगळ्यांत जास्त शर्यती धावली, तीनदा जखमी झाली, ती मी हे विचारलं तेव्हा दहा वर्षांची होती आणि लंगडतही नव्हती. एका वेतावरून शास्त्र होत नाही. पण मी वाघीचा कर्करोग धंद्याच्या खात्यात लिहायचं थांबवलं. धंद्याविरुद्ध लिहायला मोडलेला घोटा पुरेसा आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी शर्यतबंदीची घटनादुरुस्ती (मतपत्रिकेवर क्रमांक १३) ६९ टक्क्यांनी मंजूर केली आणि २०२० संपताना तिथल्या शर्यती संपल्या. त्या रात्री वाघी आमच्या सोफ्यावर चारही पाय वर करून झोपली होती. ट्रेनर बेकार झाला. तो आता दुसऱ्या राज्यात गाड्यांचे टायर विकतो. मला त्याचं वाईट वाटतं आणि निकालाचा आनंदही वाटतो.

शेवट आणि नंतर

२०२३ च्या वसंतात खोकला सुरू झाला. फुप्फुसांत ठिपके दिसले. आम्ही पुढचे उपचार घेतले नाहीत. जूनमध्ये दहावा वाढदिवस झाला, तिने पीनट बटर खाल्लं. काही आठवड्यांनी तेही नको झालं तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. तेच डॉक्टर. शीर लगेच सापडली. मुलीने विचारलं, झोपेत हात लावू का, आणि डॉक्टर म्हणाले, आता चालेल. गाठीचे नमुने आम्ही आधीच विद्यापीठाच्या संग्रहाला द्यायची परवानगी दिली होती, त्यामुळे तिच्या नावाची एक फाइल तिथेही आहे.

संस्थेकडे आम्ही पुन्हा नाव नोंदवलं आहे. यादी लांब आहे. फ्लोरिडानंतर आयोवातल्या डब्यूकचा आणि आर्कान्सातल्या वेस्ट मेम्फिसचा ट्रॅक २०२२ मध्ये बंद झाला. आता अमेरिकेत शर्यती फक्त वेस्ट व्हर्जिनियात दोन ठिकाणी होतात. दत्तक द्यायला कुत्री कमी पडतात हे या प्रकरणातलं विचित्र यश आहे. काही संस्था आयर्लंडहून आणि ऑस्ट्रेलियाहून कुत्री आणवतात. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी तो मार्ग विचारात घ्यावा, खर्च मात्र बराच येतो. भारतात असाल तर ग्रेहाउंडच्या मागे लागू नका. जत-सोलापूरकडे कारवानी आहे, उन्हाची सवय असलेली, आणि तिला पाळायला मोठं अंगण आणि पक्कं कुंपण लागतं, फ्लॅट नाही.

आईंना फोनवर सांगितलं की पुढची कदाचित आयर्लंडची येईल. त्या म्हणाल्या, "येऊ दे. पण माप पाठव आधी. वाघीची झूल सगळ्यांना बसेल असं नाही."